खारीची शेपटी

माझ्या टेबलावर काचेच्या बरणीत एक हिरवा तुरा आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांनी तो परदेशातून आणला. सोबतच्या चिठ्ठीवर मजकूर होता : हवेवर जगणारा नेचा, माती नको, पाणी नको. वर्षभरात तो वाढला नाही आणि सुकलाही नाही. तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. पान कुठेच नव्हते. केसासारख्या देठाच्या दोन्ही अंगांना इवल्या पेल्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक पेला रिकामा होता. तुरा पाण्यात बुडवला, तर पाणी हिरवे झाले. माझ्या टेबलावर इतके दिवस एका समुद्री प्राण्याचे रंगवलेले कवच उभे होते.

‘एअर फर्न’ या नावाने विकला जाणारा हा प्राणी म्हणजे सर्ट्युलॅरिया आर्जेन्टिया किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. गोड्या पाण्यातला हायड्रा आपण शाळेत शिकलो; हा त्याच्याच गोतातला, पण वसाहत करून राहणारा. दगडाला किंवा शिंपल्याला मुळांसारखे धागे चिकटतात, त्यांतून खोड वर येते, खोडाला फांद्या फुटतात. या सगळ्यावर कायटिनचे शिंगासारखे आवरण असते आणि आत जिवंत मांसल नळी. प्रत्येक पेल्यात एक पॉलिप राहतो. संस्पर्शक पसरून, दंशकोशिकांनी तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. धोका जाणवला की आत शिरतो आणि पेल्याच्या तोंडावरची दोन झडपांची झाकणी मिटते. पोटे मात्र सर्वांची जोडलेली. एकाने खाल्लेले इतरांनाही पोचते. पुनरुत्पादनासाठी वेगळ्या, मोठ्या कुप्या असतात. अनेक हायड्रॉइड छोट्या जेलीफिश सोडतात, हा सोडत नाही. त्याची अळी थोडा प्रवास करून तळावर बसते आणि नवी वसाहत सुरू होते.

त्याचे घर उत्तर अटलांटिकचे थंड पाणी. आर्क्टिकपासून नॉर्वे, ब्रिटन आणि उत्तर समुद्रापर्यंत, तसेच पलीकडे उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो आढळतो. भरती-ओहोटीचा जोरदार ओढ असलेली, दगड-शिंपल्यांची उथळ जागा त्याला मानवते. प्रवाहच त्याच्या तोंडाशी अन्न आणून देतो. नदीच्या मुखाजवळचे कमी खारे पाणीही तो सोसतो. त्यामुळे टेम्सच्या मुखाशी त्याची दाट वस्ती होती. या गोष्टीचे दोन्ही अंक तिथेच घडतात.

पहिल्या अंकाचा नायक जॉन एलिस हा लंडनचा व्यापारी. 1751 च्या शरद ऋतूत त्याच्याकडे अँगलसी बेटावरून आणि डब्लिनहून समुद्री वनस्पतींचा संग्रह आला. त्याने त्या वाळवून, कागदावर मांडून निसर्गदृश्ये तयार केली. स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाला ती इतकी आवडली, की वेल्सच्या राजमातेसाठी तशीच करून द्यावीत असे त्याने सुचवले. शोभेच्या या कामासाठी नमुने निरखताना एलिसला शंका आली : या खरेच वनस्पती आहेत का?

प्रश्न नवा नव्हता. पोवळ्याची ‘फुले’ हे प्राणी आहेत असे मार्सेयच्या पेसोनेल या वैद्याने 1720 च्या दशकातच म्हटले होते. पॅरिसच्या विद्वानांनी ते मनावर घेतले नाही. 1740 च्या दशकात ट्रेंब्लेने हायड्राचे प्रयोग केले, तेव्हा वारे फिरले. पण वाळलेल्या नमुन्यावरून वाद मिटणारा नव्हता. ऑगस्ट 1752 मध्ये एलिस टेम्सच्या मुखावरील शेपी बेटावर गेला. सोबत पाण्यातले नमुने पाहण्यासाठी बनवलेला सूक्ष्मदर्शक होता आणि चित्रे काढायला चार्ल्स ब्रुकिंग हा सागरी दृश्यांचा चित्रकार. समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या ताज्या फांद्यांवरच्या पेल्यांतून पॉलिप बाहेर आले, हात पसरू लागले. 1755 मध्ये त्याचा कोरॅलाइनांवरचा ग्रंथ निघाला. आपल्या या प्राण्याला त्यात नाव मिळाले ‘खारीची शेपटी’. 1758 मध्ये लिनीअसने त्याला आर्जेन्टिया, म्हणजे चंदेरी, म्हटले.

तरी वाद चालूच राहिला. प्राणी फक्त भाडेकरू आहेत, घर वनस्पतीचेच, असे हॉलंडचा योब बास्टर म्हणे. खुद्द लिनीअसला ही प्राण्यांची फुले आलेली झाडे वाटत. एलिसचे उत्तर साधे होते : देठ आणि पॉलिप हे एकच शरीर आहे, घर प्राणीच बांधतो. 1767 चे कोप्ली पदक रॉयल सोसायटीने त्याला दिले. पुढे याच माणसाने कीटक पकडणाऱ्या डायोनिया या वनस्पतीचे वर्णन केले. प्राण्यासारखी वागणारी वनस्पती आणि वनस्पतीसारखा दिसणारा प्राणी, दोन्ही त्याच्या वाट्याला आले.

दुसरा अंक विसाव्या शतकातला. जर्मनीच्या वॅडन समुद्रात कोळी दातेरी अवजारे तळावर ओढून हेच प्राणी खरवडून काढत. त्यांचा शब्द ‘सीमोस’, म्हणजे समुद्री शेवाळ. इंग्रजांनी टेम्सच्या मुखाशी तोच धंदा केला. त्यांचा शब्द ‘व्हाइट वीड’, पांढरे तण. माल धुवायचा, वाळवायचा, हिरवा रंगवायचा आणि सजावटीसाठी पाठवायचा. 1956 मध्ये हॅनकॉक, ड्रिनन आणि हॅरिस यांनी या प्राण्याच्या जीवनक्रमावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्याचे प्राणी असणे हा वादाचा विषय उरला नव्हता. दुकानात मात्र तो झाडच राहिला.

ज्या पाण्याच्या काठावर एलिसने हा प्राणी आहे असे दाखवले, तिथूनच दोनशे वर्षांनी तो तण म्हणून निघाला. यात अज्ञानापेक्षा सोय अधिक होती असे मला वाटते. मेलेला प्राणी दिवाणखान्यात कोण ठेवील? न मरणारे झाड मात्र कोणीही ठेवील. चिठ्ठीवरचा पाणी नको हा मजकूर एका अर्थाने खराच होता. मेलेल्याला पाणी लागत नाही.

एलिसनेही सुरुवात वाळलेल्या तुऱ्यांच्या शोभेच्या चित्रांपासूनच केली होती, हे मी विसरत नाही. त्याने पुढे एवढेच केले, की बोट धरली आणि जिवंत फांदी तिच्याच पाण्यात ठेवून पाहिली. माझ्या बरणीतल्या तुऱ्यासाठी आता ते शक्य नाही. बरणीवरची जुनी चिठ्ठी तेवढी काढली आहे. नवीवर लिहिले आहे, ‘खारीची शेपटी. प्राणी.’