गाठीचा ताप: ज्या गाठीसाठी झडत्या झाल्या, ती शरीराची चौकी होती

१/ पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. ग्रामीण महाराष्ट्रात तिला ‘अवधाण’ म्हणतात. जखम भरली की अवधाण बसते आणि माणूस ते विसरून जातो. १८९६ नंतर मात्र काखेतल्या आणि जांघेतल्या गाठीने मुंबई-पुण्याची झोप उडवली. त्या गाठीचा हा इतिहास.

२/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात तीव्र ताप आणि दुखऱ्या गाठी असलेले रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. मराठीत या रोगाला ‘गाठीचा ताप’, ‘ग्रंथिक सन्निपात’ ही नावे पडली. ‘ब्यूबॉनिक’ हे पाश्चात्त्य विशेषणही जांघ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे.

३/ ही सारी नावे ज्या अवयवाकडे बोट दाखवतात, तो म्हणजे लसीका ग्रंथी. मान, काख, जांघ, छाती, पोट अशा ठिकाणी त्या शेकडोंच्या संख्येने असतात. ऊतींमध्ये झिरपलेला द्रव, म्हणजे लसीका, सूक्ष्म वाहिन्यांतून या ग्रंथींत येतो, तेथे गाळला जातो आणि पुढे रक्तात मिसळतो.

४/ ग्रंथीत पेशींचा पहारा असतो. भक्षक पेशी आलेला जंतू गिळतात. काही पेशी त्याचे तुकडे घेऊन येतात आणि लसीकापेशींना दाखवतात. ज्या लसीकापेशीला तो तुकडा ओळखू येतो, ती झपाट्याने विभागू लागते. या गर्दीमुळे आणि दाहामुळे ग्रंथी सुजते. अवधाण म्हणजे हीच लढाई, बाहेरून हाताला लागणारी.

५/ प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवेच्या चाव्यातून शिरतो आणि लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत पोहोचतो. पिसू पायाला चावली तर गाठ जांघेत, हाताला चावली तर काखेत. म्हणजे गाठीच्या जागेवरून चावा कोठे झाला असावा, याचा अंदाज येतो.

६/ या जंतूचे कपट असे, की काही भक्षक पेशींनी गिळल्यावरही तो मरत नाही. त्यांच्या आतच तो वाढतो आणि बाहेर पडतो तेव्हा अंगावर संरक्षक आवरण चढलेले असते. नव्याने आलेल्या पेशींना मग तो सहज गिळता येत नाही. चौकीच शत्रूच्या ताब्यात जाते. तेथून तो रक्तात उतरला की मृत्यू जवळ येतो.

७/ यातले फारच थोडे १८९६ मध्ये ज्ञात होते. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसिन यांनी मृताच्या गाठीतूनच हा जंतू वेगळा केला होता. पिसवेचा सहभाग पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवला, तो १८९८ मध्ये. गाठ हे रोगाचे चिन्ह आहे, एवढे सरकारला कळले होते. ती शरीराची संरक्षणव्यवस्था आहे, हे कळायचे होते.

८/ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली सैनिक घरोघर शिरले. परपुरुषांकडून होणारी स्त्रियांची तपासणी लोकांना असह्य झाली. साध्या जखमेचे अवधाणही अशा वेळी संशयाला कारण ठरू शकत असे. उलट काही प्रकारच्या प्लेगमध्ये गाठ येतच नाही.

९/ २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्याच साथीतला, तीन महिने आधीचा दुसरा प्रसंग तितकाच मोठा आहे.

१०/ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरनजीक, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या गाठीला लोक भीत आणि सरकार हुडकत असे, तिच्या रुग्णाला त्यांनी खांद्यावर घेतले होते.

११/ याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन प्लेगवर लस बनवत होते. मांसरसावर तूप तरंगत ठेवून त्याखाली त्यांनी जंतू वाढवले आणि उष्णतेने मारले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लसीने धोका पूर्ण टळत नसे, पण बराच घटत असे.

१२/ हाफकिन हे ओडेसात इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा खुपसून त्याभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या होत्या. रक्षण पेशी करतात, असे त्यांचे मत. बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये रक्तद्रवातील प्रतिविष दाखवले; म्हणून दुसरा पक्ष म्हणे, रक्षण द्रव करतो.

१३/ १९०८ चे नोबेल मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्ष अंशतः बरोबर होते. प्रतिपिंडे रक्तद्रवात फिरतात, पण त्यांना जन्म देणाऱ्या पेशी बी-लसीकापेशींपासून घडतात. टी-पेशी थायमसमध्ये तयार होतात, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. या दोघींची गाठ पडते ती लसीका ग्रंथीतच.

१४/ म्हणजे दंडात टोचलेली लसही काखेतल्या ग्रंथीपर्यंतच जाते. मेलेला जंतू तेथे चौकी बळकावू शकत नाही. पेशी त्याला ओळखून ठेवतात. ज्या काखा स्थानकांवर चाचपल्या जात होत्या, त्यांतच हाफकिन यांच्या लसीचे काम चालत होते. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

१५/ जवळपास शंभर वर्षांनी ही गाठ मराठवाड्यात दिसली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगर विभागातील बीड जिल्ह्यात, मामला गावी, पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर मेले आणि सप्टेंबरमध्ये लोकांना गाठी आल्या. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ पसरली आणि माणसांचे लोंढे शहराबाहेर पडले.

१६/ हा प्लेगच का, यावर तेव्हा वाद झाले. पण १८९७ आणि १९९४ यांत मोठा फरक होता. टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके हाताशी होती आणि गाठ चाचपून न थांबता रक्तातील प्रतिपिंडे तपासता येत होती. रुग्णाच्या पेशींनी शत्रूला ओळखले का, हे त्यांच्याच साक्षीवरून ठरू लागले होते.

१७/ रँडच्या सैनिकांना गाठ म्हणजे लपवलेला गुन्हा वाटला, रुग्णाच्या घरच्यांना मृत्यूची चिठ्ठी. प्रत्यक्षात ती त्या शरीराने दिलेली झुंज होती. हे ज्ञान आधी असते तरी प्लेग थांबला नसता. पण झुंजणाऱ्या माणसाला आरोपीसारखे उभे करायचे कारण तरी उरले नसते.

(समाप्त)