साबळे, अविनाश मुकुंद
(१३ सप्टेंबर १९९४ – ). ३,००० मी. अडथळ्यांच्या (स्टीपलचेस) शर्यतीतील भारतीय धावपटू. जन्म बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी, शेतकरी कुटुंबात. आईवडील शेतीबरोबरच वीटभट्टीवरही काम करीत. गावास वाहनाची सोय नसल्याने शाळेपर्यंतचे सु. सहा किमी. अंतर ते लहानपणी पायी वा धावत जात. बारावीनंतर ते भूदलाच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचिन, राजस्थान व सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये सैन्यदलाच्या क्षेत्रपार (क्रॉसकंट्री) शर्यतींत ते प्रथम उतरले आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सल्ल्याने २०१७ मध्ये अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले.

या शर्यतीत पुरुषांना ९१·४ सेंमी. उंचीचे २८ अडथळे व सात पाणउड्या पार कराव्या लागतात. त्यामुळे केवळ वेग पुरेसा ठरत नाही; प्रत्येक उडीनंतर धावण्याची लय पुन्हा साधावी लागते. गोपाळ सैनी यांनी १९८१ मध्ये केलेला ८ मि. ३०·८८ सें. हा भारतीय उच्चांक ३७ वर्षे अबाधित होता. साबळे यांनी तो २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे मोडला (८ मि. २९·८० सें.). त्यानंतर पॅरिस येथील जुलै २०२४ च्या डायमंड लीग शर्यतीपर्यंत (८ मि. ९·९१ सें.) त्यांनी एकूण दहा वेळा हा उच्चांक प्रस्थापित केला. त्यांपैकी सहा वेळा तो परदेशांत झाला. मायदेशी त्यांच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नसल्याने त्यांना बहुधा एकट्यानेच पुढे धावावे लागे, हे यामागील एक कारण होय.

टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) राष्ट्रीय उच्चांक करूनही (८ मि. १८·१२ सें.) त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. देशातील उच्चांक व जागतिक दर्जा यांतील अंतर त्यावरून स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत मात्र त्यांनी ८ मि. ११·२० सें. वेळेसह रौप्यपदक मिळविले. केन्याचा विजेता अब्राहम किबिवोट त्यांच्या केवळ ०·०५ सें. पुढे होता. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केन्याकडे गेली होती. ती परंपरा या पदकाने खंडित झाली.

हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत (२०२३) त्यांनी स्पर्धा-उच्चांकासह सुवर्णपदक (८ मि. १९·५० सें.) व ५,००० मी. शर्यतीत रौप्यपदक पटकाविले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. तेथे त्यांचा अकरावा क्रमांक आला. २०२५ मध्ये गुमी (द. कोरिया) येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, तथापि त्याच वर्षी जुलैमध्ये मोनाको येथे गुडघ्यास गंभीर दुखापत झाल्याने टोकिओ येथील जागतिक स्पर्धेस त्यांना मुकावे लागले. २०२२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

वयाच्या विशीनंतर या खेळाकडे वळूनही सहा वर्षांत राष्ट्रीय उच्चांक सु. २१ सेकंदांनी खाली आणणे, हे साबळे यांच्या कारकीर्दीचे वैशिष्ट्य होय. पूर्व आफ्रिकी धावपटूंचे वर्चस्व असलेल्या या शर्यतीत बरोबरीने स्पर्धा करता येते, असा विश्वास त्यांच्यामुळे भारतीय धावपटूंना लाभला.