अंगण आणि ताट : अंगणवाडीतल्या आहाराचा आणि खेळाचा इतिहास

१/
‘अंगणवाडी’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यातल्या ‘अंगणा’कडे आपले लक्षच जात नाही. आज अंगणवाडी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती एक खोली, एक वजनकाटा आणि खिचडीचे पातेले. मग या शब्दात अंगण का आहे? आणि ते अंगण गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना रोम, लंडन, भावनगर आणि आपला डहाणू तालुका अशी वाट चालावी लागते. आजचा धागा त्या वाटेचा.

२/
आरंभ ६ जानेवारी १९०७ रोजी, रोममधल्या सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. मारिया माँटेसोरी यांनी तिथे पहिले ‘बालगृह’ उघडले. माँटेसोरी म्हटले की आपल्याला लाकडी ठोकळे आणि मण्यांच्या माळा आठवतात. परंतु त्या मुळात डॉक्टर होत्या, हे विसरता कामा नये. आपल्या पद्धतीवर त्यांनी जो मुख्य ग्रंथ लिहिला, त्यात एक संपूर्ण प्रकरण मुलांच्या आहारावर आहे आणि दुसरे स्नायूंच्या शिक्षणावर.

३/
यातले स्नायूंचे प्रकरण विशेष वाचनीय आहे. लहान मुलाचे धड मोठे आणि पाय त्या मानाने आखूड असतात. म्हणून ते चालून लवकर थकते, हे त्यांनी शरीरशास्त्राच्या आधारे सांगितले. मुले कुंपणाच्या आडव्या दांड्या धरून, पायांवरचा भार हलका करत बाजूबाजूने सरकतात, हे त्यांनी पाहिले. ते पाहून त्यांनी तसेच छोटे कुंपण व्यायामसाधन म्हणून करवून घेतले. मूल जे खेळत होते, त्याला त्यांनी खोड म्हटले नाही. त्या खेळात त्यांना शरीराची गरज दिसली.

४/
त्याच काळात लंडनमध्ये रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या भगिनी दुसऱ्या टोकाकडून याच प्रश्नाला भिडत होत्या. शाळेतल्या उपाशी मुलांना जेवण मिळावे, यासाठी तिथे जी चळवळ झाली, तीत मार्गारेट अग्रभागी होत्या. १९०६ मध्ये तसा कायदा झाला. १९१४ मध्ये डेप्टफर्डच्या दाट वस्तीत या भगिनींनी उघड्या हवेतली शिशुशाळा सुरू केली. बाग, मोकळी हवा, स्नान, पोटभर अन्न आणि मनसोक्त खेळ हाच तिथला अभ्यासक्रम होता.

५/
भारतात हा विचार रुजवणारे पहिले मोठे नाव गिजुभाई बधेका यांचे. वकिली सोडून आलेल्या या गृहस्थांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये त्यांना एक मराठी सहकारी लाभल्या : ताराबाई मोडक. मुंबईत जन्मलेल्या, १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या ताराबाईंनी पुढे १९२६ मध्ये गिजुभाईंसह नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३६ मध्ये दादरला त्यांचे शिशुविहार उभे राहिले.

६/
इथवर सारे शहरी आणि मध्यमवर्गीय होते. माँटेसोरी साधने महाग, शिक्षिका प्रशिक्षित, पालक जागरूक. सान लोरेंझोतल्या कामगारांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धत भारतात आली आणि सुस्थित घरांची झाली. ही विसंगती ताराबाईंना जाचत होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या मुंबई सोडून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, अशा आयुष्यातून शिक्षिका म्हणून उभी राहिलेली ही स्त्री.

७/
१९४५ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच परिसरातल्या झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणसे सावकाराकडे गडी म्हणून राबत होती. चार वर्षांच्या वारली मुलाचे पोट का रिकामे, याचे उत्तर आईच्या अज्ञानात नव्हते. ते जमिनीच्या मालकीत आणि मजुरीच्या दरात होते. एकाच भूमीत एकाच वर्षी, एक चळवळ बापाच्या मुक्तीसाठी आणि दुसरी मुलाच्या बालपणासाठी सुरू झाली.

८/
बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गावाच्या कडेला राहणाऱ्या दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तिथवर येईनात. शिक्षकाने अशा वेळी काय करावे? पालकांना दोष द्यावा, की पटावर गैरहजेरी मांडावी? ताराबाई आणि अनुताईंनी तिसरा मार्ग घेतला. बालवाडीच उचलून त्या वस्तीत, झोपड्यांपुढच्या अंगणात नेली. आपल्या शब्दातले अंगण ते हेच. बालवाडीला इमारत लागते ही समजूत तिथे प्रथम गळून पडली.

९/
अंगणात गेल्यावर साधनेही बदलली. महागड्या लाकडी संचांची जागा शिंपल्यांनी, खड्यांनी, बियांनी, पानांनी आणि मातीने घेतली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हे धड्याआधीचे काम ठरले. गाणी, नाच, धावणे, चढणे हे तर मुलांना येतच होते. झाडावर सरसर चढणाऱ्या वारली मुलाला व्यायाम शिकवण्याची गरज नव्हती. त्याची ती सहज हालचाल शाळेच्या नावाखाली बांधून न टाकण्याची गरज होती.

१०/
१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. तिथली ‘विकासवाडी’ म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. यामागचा हिशेब अगदी व्यवहारी होता. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्या भावंडाची सोय झाली, की ताईची शाळा सुरू होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली; म्हणजे गुरे चरतात तिथेच शाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या.

११/
हा झाला अंगणाचा इतिहास. ताटाचा इतिहास मात्र वेगळ्या दाराने आला. १९७०च्या सुमारास केंद्र सरकारने लहान मुलांसाठी पूरक आहाराच्या योजना सुरू केल्या. बालवाडी पोषण कार्यक्रमात दर मुलामागे दररोज सुमारे ३०० किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने असे माप ठरले. अंगण स्वयंसेवी संस्थांनी घडवले, ताट सरकारने वाढले. हे दोन प्रवाह एकत्र यावेत, असा विचार बालशिक्षणाच्या अभ्यासकांत बळावत होता.

१२/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे आहार-आरोग्य शिक्षण आणि खेळातून पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखाली आल्या. माँटेसोरींच्या ग्रंथातली ती दोन प्रकरणे जणू एका सरकारी योजनेत पुन्हा शेजारी बसली. कागदावर तरी.

१३/
प्रत्यक्षात काय झाले, हे सांगणारे वर्ष १९९२. त्या वर्षी २७ सप्टेंबरला अनुताई वाघ यांचे निधन झाले. आणि १९९२-९३ मध्येच, त्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातली वावर-वांगणी ही नावे वृत्तपत्रांत झळकली; कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. कोसबाडची टेकडी तिथून फार दूर नाही. ज्या मातीत अंगणवाडीची कल्पना रुजली, तिथलीच मुले भुकेने गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दोन वाक्ये एकमेकांपासून तोडून वाचू नयेत.

१४/
पुढची लढाई न्यायालयात झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये आणखी एक महत्त्वाचा आदेश आला : अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यासाठी ठेकेदार नेमू नयेत. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ३ ते ६ वर्षांच्या मुलासाठी सकाळचा नाश्ता व गरम शिजवलेले जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने हा हक्क ठरवला. दया म्हणून वाढलेले ताट कायद्याचे झाले.

१५/
तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते, की महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. त्याच सर्वेक्षणानुसार देशात अतिवजनी मुलांचे प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेले. एका बाजूला रिकामे ताट, दुसऱ्या बाजूला हरवलेले अंगण. एकच पिढी दोन्ही टोकांनी गांजली आहे.

१६/
आणि खेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की ३-४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटे तरी दमवणारी असावी. आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून अधिक नसावा. बोर्डीच्या अंगणात हे आपोआप होत होते. एका भाड्याच्या खोलीत तीस मुले मांडी घालून बसवली, तर ते कसे व्हावे? ताटाचे माप कायद्यात ग्रॅमपर्यंत नोंदले गेले. अंगणाचे माप तितक्या काटेकोरपणे कुणी विचारत नाही.

१७/
या साऱ्याचा भार जिच्यावर आहे, तिचा उल्लेख न करता धागा संपवणे अन्यायाचे होईल. देशातल्या सुमारे चौदा लाख अंगणवाड्या ज्या सेविका आणि मदतनीस चालवतात, त्यांना वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे मान्य व्हायला २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. योजनेला तेव्हा सेहेचाळीस वर्षे उलटली होती. ताराबाई-अनुताईंचा वारसा सांगणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्या वारसदारांना इतका काळ ताटकळत ठेवले.

१८/
शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. रोममध्ये, डेप्टफर्डमध्ये जिथे आहार आणि खेळ एकत्र विचारात घेतले गेले, तिथे मूल उभे राहिले. जिथे ते दोन खात्यांत, दोन रकान्यांत विभागले गेले, तिथे एकाची नोंद झाली आणि दुसरे विसरले गेले. उपाशी मूल धावू शकत नाही. आणि न धावणाऱ्या मुलाला भूक लागत नाही. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. ताराबाईंनी आणि अनुताईंनी त्याची शाळा केली.

१९/
पुढच्या वेळी आपल्या गावातल्या वा वस्तीतल्या अंगणवाडीवरून जाल, तेव्हा क्षणभर थांबा. पातेल्यात काय शिजते आहे ते पाहाच. पण दारापुढे मुलांना धावायला किती जागा आहे, तेही पाहा. नावात अंगण आहे. ते जमिनीवरही आहे का, एवढेच तपासायचे आहे.

धागा समाप्त. आपल्या बालवाडीच्या, तिथल्या बाईंच्या आणि खाऊच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. असा इतिहास कागदपत्रांपेक्षा आठवणींतच अधिक जपलेला असतो.