वैद्यकनीतीचा उगम

वैद्यांच्या नीतिशास्त्राचा अर्वाचीन उगम एखाद्या तत्त्वज्ञाच्या अभ्यासिकेंत नसून मँचेस्टरच्या रुग्णालयांतील एका भांडणांत आहे. १७९२ च्या सुमारास तेथें तापाची सांथ असतां विश्वस्तांनीं वैद्यांची संख्या वाढविली. जुन्यांना तो आपला अपमान वाटला व त्यांनीं राजीनामे दिले. तेव्हां टॉमस पर्सिव्हल या अनुभवी डॉक्टराकडे नियम लिहिण्याचें काम आलें. त्याचा 'मेडिकल एथिक्स' हा ग्रंथ १८०३ त निघाला. १८४७ त अमेरिकन मेडिकल असोसिएशननें आपली संहिता बरीचशी त्यावरूनच रचिली.

उगमाची खूण मात्र पुसली गेली नाहीं. मानापमान, ज्येष्ठ कोण, सल्लामसलतींत आधीं कनिष्ठानेंच बोलावें, यांतच पुष्कळ शाई खर्च झाली आहे! रोग्याचा खरा प्रश्न एकच: मरणोन्मुखाला सत्य सांगावें काय? घात होत असेल तर लपवावें, असें पर्सिव्हल म्हणतो. चरकसंहितेच्या विमानस्थानांतही शिष्याला जवळजवळ हीच आज्ञा आहे. पर्सिव्हलचा मित्र, धर्मोपदेशक गिस्बर्न, याला मात्र वैद्याचें असत्य मान्य नव्हतें. मला त्याचाच पक्ष सबळ दिसतो. अंतकाळ जवळ आला हें ज्याला ठाऊकच नाहीं, त्यानें घराचें देणें-घेणें कोणाच्या स्वाधीन करावयाचें?