कारागृह, साक्षीदार आणि कॅमेरा : मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कारागृह ही समाजाने स्वतः उभारलेली, परंतु स्वतःच्या दृष्टीआड ठेवलेली संस्था आहे. आतील जीवनाची माहिती समाजापर्यंत प्रामुख्याने तीन मार्गांनी पोहोचत आली आहे : सुटून आलेल्या बंद्यांची कथने, अधिकाऱ्यांचे अहवाल आणि बाहेरून आत जाऊन आलेल्या व्यक्तींची निवेदने. यांपैकी तिसऱ्या मार्गाचे अलीकडचे रूप म्हणजे दूरचित्रवाणीवरील रिअ‍ॅलिटी शो. अमेरिकेत स्वयंसेवकांना खोट्या नावाने तुरुंगात ठेवून त्यांचे चित्रीकरण करण्यात आले. मुंबईत मात्र अंधेरीस्थित निर्मितिसंस्थेने तुरुंगाचा देखावाच उभा केला. या दोन रूपांमागील इतिहास तपासून, बाहेरचा साक्षीदार कोणत्या अटींवर आत गेला आणि त्याच्या जाण्याने बंद्याला काय मिळाले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेषांतराची परंपरा

वेष पालटून बंदिस्त संस्थेत शिरण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रसृष्टीत रूढ झाली. १८६६ मध्ये जेम्स ग्रीनवुड या पत्रकाराने लंडनमधील लॅम्बेथच्या अनाथ-निराधारगृहात निराधाराच्या वेषात एक रात्र काढली. १८८७ मध्ये नेली ब्लाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एलिझाबेथ कॉक्रेन यांनी वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स बेटावरील मनोरुग्णालयात दहा दिवस घालविले. या दोन्ही वृत्तांतांनी मोठी खळबळ उडवली.

तुरुंगाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे उदाहरण थॉमस मॉट ऑस्बॉर्न यांचे होय. न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगसुधारणा आयोगाचे अध्यक्ष असताना सप्टेंबर १९१३ च्या अखेरीस ते ऑबर्न येथील तुरुंगात ‘टॉम ब्राऊन’ या नावाने कैदी म्हणून दाखल झाले आणि सुमारे आठवडाभर राहिले. मात्र हे वेषांतर नव्हते. आत जाण्यापूर्वी तुरुंगाच्या प्रार्थनागृहात सर्व कैद्यांपुढे उभे राहून त्यांनी आपण कोण आहोत व कशासाठी येत आहोत हे सांगितले होते. आपण कोणाशी बोलत आहोत, हे कैद्यांना ठाऊक होते. या अनुभवातूनच पुढे कैद्यांच्या स्वयंशासनाचा ‘म्युच्युअल वेल्फेअर लीग’ हा प्रयोग उभा राहिला.

‘सिक्स्टी डेज इन’ (२०१६) या मालिकेत नेमकी हीच अट उलटली. इंडियाना राज्यातील क्लार्क काउंटीच्या तुरुंगात सात स्वयंसेवक खोटी नावे व खोटे आरोप घेऊन दाखल झाले. अमली पदार्थांचा व्यापार व कर्मचाऱ्यांतील गैरप्रकार उघड करणे हा हेतू तेथील शेरीफने जाहीर केला होता. पहिल्यांदा तुरुंगात आलेल्यांविषयी माहितीपट तयार होत आहे, असे कैद्यांना सांगण्यात आले. कॅमेरा त्यांना दिसत होता, परंतु साक्षीदार कोण हे माहीत नव्हते. या निरीक्षणाची मर्यादाही पुढे दिसून आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच तुरुंगात पुरुष कैद्यांनी महिलांच्या विभागात शिरून अत्याचार केल्याचा आरोप करीत अनेक महिला कैद्यांनी २०२२ मध्ये न्यायालयात दावे दाखल केले. मालिकेला परवानगी देणारा शेरीफ २०२४ मध्ये सार्वजनिक पैशाच्या गैरवापराशी संबंधित गुन्ह्यांत स्वतःच दोषी ठरून तुरुंगात गेला.

मुंबईतील साक्षीदार : १९८२ ते १९८७

१८९४ च्या कारागृह अधिनियमाने अभ्यागत नेमण्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार शासनाला दिला होता. म्हणजे बाहेरच्या डोळ्याची गरज वसाहतकालीन कायद्यालाही मान्य होती. तथापि मुंबईच्या इतिहासात या डोळ्याला खरे बळ दिले ते पत्रकार शीला बारसे यांनी.

मे १९८२ मध्ये त्यांनी कारागृह महानिरीक्षकांच्या परवानगीने मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे यांनी ही हकीकत पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाला कळविली आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहात जाऊन महिलांना भेटण्याचा व अहवाल देण्याचा आदेश झाला. महाविद्यालयीन अध्यापकाची भूमिका येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. महिला बंद्यांना कायदेविषयक साहाय्य मिळण्याची पुरेशी व्यवस्था नाही, हे या अहवालातून पुढे आले.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांनी अनेक निर्देश दिले. स्त्रियांसाठी स्वतंत्र पोलीस कोठड्या निवडून तेथे महिला शिपायांचा पहारा ठेवावा. स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच करावी. अटकेची खबर तत्काळ विधी साहाय्य समितीला व नातेवाइकांना द्यावी. शहर सत्र न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. दंडाधिकाऱ्याने आरोपीला मारहाणीची तक्रार आहे काय हे विचारावे, हे त्यांतील प्रमुख होत. पंधरा स्त्रियांच्या बोलण्यातून पोलीस कोठडीच्या व्यवहाराचे नियम निर्माण झाले.

दरम्यान मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणाला हरकत घेऊन बारसे यांना दिलेली परवानगी काढून घेण्यात आली.  सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये या प्रकरणी निकाल दिला. मुलाखतीवर वाजवी निर्बंध असू शकतात, मिळालेली माहिती अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावी आणि ध्वनिमुद्रणासाठी वेगळी परवानगी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर कोणत्याही बंद्यावर मुलाखतीची सक्ती करता येणार नाही. त्याची स्वखुशी आवश्यक राहील, असेही स्पष्ट केले. स्वातंत्र्य गमावलेल्या माणसाकडे बोलण्याचा व न बोलण्याचा अधिकार शिल्लक असतो, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. छुप्या साक्षीदाराची पद्धत या तत्त्वाशी मुळातच विसंगत ठरते, कारण समोर कोण आहे हे न कळता दिलेल्या संमतीला अर्थ उरत नाही.

उपनगरातील तुरुंग

महाराष्ट्रातील चित्रपटाने तुरुंग पूर्वीही रंगविला होता. औंध संस्थानात १९३९ मध्ये सुरू झालेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीच्या प्रयोगावर व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आधारलेला होता. तेथे प्रत्यक्ष प्रयोग आधी व पडदा नंतर असा क्रम होता.

उपनगरातील मनोरंजन उद्योगाने हा क्रम सोडला. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी एएलटीबालाजी व एमएक्स प्लेयर या मंचांवर ‘लॉक अप’ सुरू झाला. निर्मिती एकता कपूर यांची व सूत्रसंचालन कंगना राणावत यांचे होते. चर्चेतील व्यक्तींना तुरुंगासारख्या सेटवर कोंडून सुमारे दहा आठवडे त्यांचे चित्रीकरण झाले. बाद होण्यापासून वाचण्यासाठी स्पर्धकाने आपले एखादे गुपित उघड करावे, अशी योजना त्यात होती. तेव्हा लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्यानुसार पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हती; सेटवर मात्र कबुली हेच सुटकेचे साधन ठरले.

७ मे २०२२ रोजी विनोदवीर मुनव्वर फारुकी विजयी ठरले. त्यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथे अटक झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२१ रोजी अंतरिम जामीन देईपर्यंत ते खऱ्या तुरुंगात होते. सेटवरील तुरुंगाने त्यांना पारितोषिक दिले. इंदूरच्या तुरुंगात मात्र ते न्यायाधीन बंदी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. खऱ्या तुरुंगातील मुख्य अनुभव प्रतीक्षेचा, तारखेचा आणि वकिलाच्या अभावाचा असतो. सेटवर त्याला जागा नव्हती.

मुंबईच्याच उपनगरांत, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा क्षेत्रीय प्रकल्प सुरू केला. त्याद्वारे समाजकार्यकर्ते कारागृहात व पोलीस ठाण्यांत उघडपणे जाऊन बंद्यांना कायदेविषयक साहाय्य व पुनर्वसन मिळवून देण्याचे काम करू लागले. या कामाला प्रेक्षकवर्ग नसतो.

निष्कर्ष

बाहेरच्या साक्षीदाराची विश्वसनीयता त्याने किती काळ आत काढला यावर अवलंबून नसते. त्याने आपले नाव सांगितले का, बंद्याची संमती घेतली का आणि ऐकलेले शब्द उत्तरदायी यंत्रणेपुढे नेले का, या तीन कसोट्यांवर ती ठरते. ऑबर्न येथील आठवडा आणि मुंबईतील मे १९८२ च्या मुलाखती या कसोट्यांना उतरतात. क्लार्क काउंटीत कैदी होते, परंतु त्यांची जाणती संमती नव्हती. ‘लॉक अप’मध्ये संमती होती, परंतु कैदीच नव्हते. दुसऱ्या प्रकारात कोणावर अन्याय झाला नाही हे खरे. तथापि कोणाचे गाऱ्हाणेही ऐकले गेले नाही. १९८३ चे निर्देश आज किती पोलीस ठाण्यांत पाळले जातात, हे पाहण्यासाठी वेष पालटण्याची आवश्यकता नाही. डॉ. देसाई यांच्याप्रमाणे उघड्या दाराने, नाव सांगून आत जाणारा अभ्यासक त्यासाठी पुरेसा आहे.