परदेशी उच्चशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या: एक मागोवा

एकोणिसाव्या शतकात विलायतेला जाऊन उच्चशिक्षण घेणे श्रीमंत घराण्यांनाच परवडत असे. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निधीने गुणी विद्यार्थ्यांना ही वाट खुली केली. मदत कर्जाऊ असे. फेडीच्या रकमेतून पुढच्या विद्यार्थ्यांची सोय होई. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर याच निधीच्या आधारावर इंग्लंडला गेले.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून 1915 मध्ये ते एम.ए. झाले. त्यानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अर्धवट सोडावा लागला. तो पुरा करण्यासाठी ते 1920 मध्ये परत गेले, तेव्हा स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज कामी आले. मुदत आणि पैसा अपुरा पडला की बुद्धिमंताचीही कशी ओढाताण होते, हे यातून दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे पुढे आली. शिष्यवृत्त्यांसाठीचा भारत-अमेरिका फुलब्राइट करार 1950 मध्ये झाला. 1959 च्या ऑक्सफर्ड परिषदेतून राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजना आकाराला आली आणि आशिया, आफ्रिका व कॅरिबियन देशांतील पदवीधरांना प्रगत संशोधनाची संधी मिळाली. 1950 च्या दशकातच भारत सरकारनेही वंचित समाजांतील विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली.