संप, आरोग्यसेवकांचा
डॉक्टर, परिचारिका, आशा स्वयंसेविका आदींनी मागण्यांसाठी ठरवून काम थांबवणे. डॉक्टरांच्या संघटना बहुधा 'संप' हा शब्द टाळून 'सामूहिक रजा' किंवा 'कामबंद' म्हणतात. रुग्णाच्या दृष्टीने फरक काही नाही. गिरणी बंद पडली तर झळ मालकाला बसते. दवाखाना बंद पडला तर ती बसते भांडणाशी संबंध नसलेल्या माणसाला. नैतिक पेच आहे तो हाच.

सरकारी नोकरांना संपाचा नैतिक हक्कही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात म्हटले. महाराष्ट्रात अत्यावश्यक सेवांतील संपावर 'मेस्मा' हा कायदा लावता येतो. तरीही संप होतात, कारण अर्जविनंत्यांनी न हललेली फाइल संपाने हलते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण होऊन त्याच्या डोळ्याला इजा झाली. रुग्णालयांतील हिंसेविरुद्धचा कायदा २०१० पासून होता, पण वॉर्डाच्या दारात पहारा नव्हता. राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचले आणि मग १,१०० सुरक्षारक्षक देण्याचे शासनाने कबूल केले. ही मागणी रुग्णांच्याही हिताची होती. जीव मुठीत धरून कुणी नीट उपचार करू शकत नाही.

डॉक्टरांच्या संपकाळात मृत्यू वाढत नाहीत, असा निष्कर्ष २००८ च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात निघाला. त्याचा दाखला संपाच्या बाजूने नेहमी दिला जातो. पण त्या संपांत तातडीचे उपचार बहुतेक ठिकाणी चालू होते. थांबल्या होत्या त्या मुख्यतः आधी ठरवलेल्या शस्त्रक्रिया. मोठ्या शहरात निवासी डॉक्टर बाहेर पडले तर प्राध्यापक अपघात विभागात उभे राहतात.

तळा (जि. रायगड) यासारख्या तालुक्याच्या गावी तसे नाही. तालुक्यातील कुडा लेण्यांत सोमदेव नावाच्या वैद्याचे दान शिलालेखात कोरलेले आहे. वैद्याचा मान इथे इतका जुना. आज मात्र गंभीर रुग्णाला माणगाव आणि पुढे अलिबाग गाठावे लागते. कोकणात लाल विंचू चावला की माणसाला दरदरून घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, पुढे फुप्फुसात पाणी होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीने असे रुग्ण वाचवून दाखवले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. पण ती गोळी पहिल्या काही तासांतच द्यावी लागते. म्हणून अशा तालुक्यात तातडीची सेवा बंद ठेवणारा संप, मागणी कितीही रास्त असली, तरी समर्थनीय ठरत नाही. बाह्यरुग्ण विभाग, अहवाल, बैठका बंद ठेवता येतात.

आशांची गोष्ट वेगळी आहे. गरोदर बाईला आरोग्य केंद्रापर्यंत आणणारी, घरोघर जाऊन बाळाचे वजन करणारी ही बाई सरकारदरबारी 'स्वयंसेविका'. पगार नाही, मानधन. कर्मचाऱ्याचे हक्क नाकारायचे आणि संप केला की कर्तव्याची आठवण करून द्यायची, हे न्यायाचे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय निघेना, म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून त्या संपावर गेल्या आणि मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. मार्चमध्ये दरमहा ५,००० रुपये वाढीचा निर्णय निघाला. 'स्वयंसेविका' हे नाव तसेच राहिले.